ब्लॉग की सीएमएस: सॉफ्टवेअर निवडण्याआधीची कामं आणि त्यांचा क्रम

संस्थेचं संकेतस्थळ काढायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत थीम, म्हणजे पानांचं तयार रूप, निवडली जाते. कुणीतरी मोबाईलवर दुसऱ्या संस्थेचं पान दाखवतं, 'असंच हवं' म्हणतं आणि काम सुरू होतं. सॉफ्टवेअर कोणतं, हे ज्याच्याकडे काम सोपवलं त्याला काय येतं यावरून ठरतं. त्यात नोंदी कसल्या येणार, त्या कोण लिहिणार, हा विषय पैसे देऊन झाल्यावर निघतो. खाली दिलेला क्रम याच्या बरोबर उलटा आहे: आधी नोंदी, मग माणसं, मग भाषा, मग खर्च. सॉफ्टवेअर पाचव्या पायरीवर येतं.

ब्लॉगिंग सॉफ्टवेअरचा कणा म्हणजे तारीख. नवं लिखाण वर, जुनं खाली, प्रत्येक नोंदीला शीर्षक आणि मजकूर. गूगलचं ब्लॉगर आणि घोस्ट या जातीतले. पूर्ण कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीममध्ये, म्हणजे सीएमएसमध्ये, नोंदींचे प्रकार किती, प्रत्येक प्रकाराला कोणते रकाने, कोणती नोंद कोणत्या नोंदीशी जोडलेली, हे तुम्ही ठरवता. ड्रुपल हे याचं ठळक उदाहरण. जूमलाही याच बाजूला येतं. वर्डप्रेस मधोमध बसतं: नुसतं बसवलं तर ब्लॉग, प्रकार आणि रकाने जोडले तर बऱ्यापैकी सीएमएस. गोंधळाचं मूळ इथे आहे. 'आम्ही वर्डप्रेस घेतलंय' एवढ्याने काहीच ठरलेलं नसतं.

उदाहरणासाठी तालुक्याच्या गावातलं एक सार्वजनिक वाचनालय धरू. व्याख्यानमाला, नव्या पुस्तकांची ओळख, सुट्टीच्या सूचना, कार्यकारिणी, सभासदत्वाचे नियम, लहान मुलांच्या स्पर्धा. बहुतेक छोट्या संस्थांचं सामान याच्या आसपासच असतं.

## पायरी १: नोंदींची यादी कागदावर करा

'बातम्या', 'कार्यक्रम', 'उपक्रम' असे विभाग लिहू नका. मेनू सगळ्यांनाच सुचतो. गेल्या वर्षभरात संस्थेने फलकावर, व्हॉट्सॲपवर, पत्रकांत जे खरोखर लोकांपुढे ठेवलं त्यातल्या पंचवीस-तीस गोष्टी जशाच्या तशा लिहा. मग प्रत्येकीला चार प्रश्न विचारा.

१. वाचकाला ही गोष्ट तारखेच्या क्रमाने हवी आहे का?
२. प्रसिद्ध झाल्यावर हिच्यात बदल होणार आहे का?
३. हिच्यातली एखादी माहिती (जागा, वक्ता, वर्ग, वयोगट) वापरून कुणी यादी गाळून पाहील का?
४. हीच माहिती दुसऱ्या ठिकाणीही दिसायला हवी का?

पहिल्याचं उत्तर 'हो' आणि उरलेल्या तिन्हींचं 'नाही' असेल तर ती ब्लॉगची नोंद. किल्ल्यांवर, शेतीवर, स्वयंपाकावर एकटाच लिहिणारा माणूस जवळजवळ कायम याच गटात मोडतो. त्याने सीएमएसच्या वाटेला जाऊ नये.

आता व्याख्यान घ्या. जूनमध्ये जाहीर केलं, होणार ऑगस्टमध्ये. ब्लॉगमध्ये नोंदीची तारीख ही प्रसिद्धीची तारीख असते, कार्यक्रमाची नव्हे. जुलैत सुट्टीची सूचना आणि दोन पुस्तकांची ओळख टाकली की ऑगस्टचं व्याख्यान खाली जातं. मग व्याख्यान वर दिसावं म्हणून कुणीतरी प्रसिद्धीची तारीख पुढची टाकतं आणि नोंद 'नियोजित' होऊन गायबच होते. किंवा नोंद वर चिकटवून ठेवतात आणि दिवाळी आली तरी पहिल्या पानावर ऑगस्टचं व्याख्यान हसत असतं. कार्यक्रमाच्या तारखेला स्वतःचा रकाना नाही, ही खरी अडचण. थीम कितीही बदला, ती तशीच राहते.

शिवाय वक्ता. एकाच वक्त्याची तीन वर्षांतली सगळी व्याख्यानं एका पानावर हवी असतील तर वक्ता हा वेगळा प्रकार आणि व्याख्यान त्याच्याशी जोडलेलं, अशी रचना लागते. टॅग, म्हणजे नोंदीला चिकटवलेलं शब्दाचं लेबल, लावून काम भागतं असं वाटतं, पण एक जण 'डॉ.' लावतो, दुसरा लावत नाही, तिसरा आडनाव आधी लिहितो. एका माणसाचे तीन टॅग होतात.

प्रत्येक प्रकारासमोर रकाने लिहून काढा: व्याख्यानाला तारीख, वेळ, वक्ता, विषय, जागा, स्थिती (ठरलं, पुढे ढकललं, रद्द). पुस्तकाच्या ओळखीला लेखक, प्रकाशक, मुखपृष्ठ. सूचनेला फक्त मजकूर आणि 'कधीपर्यंत लागू'.

मी लावतो तो निकष असा: स्वतःचे रकाने असलेले प्रकार एक किंवा फार तर दोन, आणि त्यांचा आपसांत संबंध नाही, तर ब्लॉगिंग सॉफ्टवेअर पुरतं. तीन किंवा जास्त प्रकार, किंवा एका प्रकाराने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं असेल, तर सीएमएसची रचना हवी.

सावधान: 'आमच्याविषयी', 'संपर्क', 'नियम' ही पानं मोजू नका. अशी स्थिर पानं ब्लॉगिंग सॉफ्टवेअरमध्येही असतात. केवळ त्यांच्यासाठी सीएमएस घेणाऱ्यांची संख्या कमी नाही.

सावधान: पुस्तकांची संपूर्ण सूची, देवघेव, वर्गणीचा हिशोब यातलं काहीही सीएमएसमध्ये कोंबू नका. ग्रंथालयांसाठी कोहा किंवा एनआयसी या सरकारी संस्थेचं ई-ग्रंथालय अशी वेगळी सॉफ्टवेअर आहेत. संकेतस्थळावर तिथली लिंक द्यायची. पतसंस्था, शाळा, गृहनिर्माण संस्था यांनाही हेच लागू. ज्याचा हिशोब ठेवावा लागतो ते सामान वेगळ्या कपाटात.

तपासा: यादीत नसलेल्या, गेल्याच आठवड्यातल्या तीन गोष्टी घ्या. त्या तुमच्या प्रकारांत बसतात का? दोन बसत नसतील तर यादी पुन्हा करा.

## पायरी २: माणसं आणि किल्ल्या

इथे तीन नावं हवीत: लिहिणारा, मंजुरी देणारा, आणि दोन वर्षांनी पहिले दोघे नसतील तेव्हा सांभाळणारा. तिसरं नाव सापडत नसेल तर सॉफ्टवेअर जितकं साधं तितकं बरं.

ब्लॉगरमध्ये अधिकाराच्या दोनच पायऱ्या आहेत: प्रशासक आणि लेखक. लेखक स्वतःचं लिखाण थेट प्रसिद्ध करू शकतो; त्याला मध्ये थांबवायची सोय नाही. वर्डप्रेसमध्ये मुळातच प्रशासक, संपादक, लेखक, योगदानकर्ता आणि सदस्य अशा पाच भूमिका मिळतात. योगदानकर्ता लिहू शकतो, पण प्रसिद्ध करू शकत नाही. मंजुरीची पद्धत हवी असलेल्या संस्था ही भूमिका सगळ्यांना देतात आणि आठवड्याभरात तक्रार येते की फोटो चढत नाहीत. या भूमिकेला फाइल चढवायची परवानगीच नसते. ती वेगळी द्यावी लागते, हे सुरुवातीलाच लक्षात असू द्या.

ड्रुपल आणि जूमलात अधिकार फार बारकाईने वाटता येतात: अमुक समितीने अमुक प्रकारच्याच नोंदी बदलाव्यात, मसुदा, तपासणी, प्रसिद्धी अशा टप्प्यांनी नोंद पुढे सरकावी. हे मोहक आहे. पण आधी प्रामाणिकपणे पाहा की तुमच्याकडे मंजुरी प्रत्यक्षात कुठे मिळते. सचिवांना व्हॉट्सॲपवर मजकूर पाठवायचा, अंगठा आला की टाकायचं, अशी पद्धत असेल तर सॉफ्टवेअरमधले टप्पे कुणीही वापरणार नाही. सगळे प्रशासकाच्याच नावाने आत शिरतील. एक अंगठा पुरतो तिथे चार टप्पे नकोत.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे कार्यकारिणी ठरावीक मुदतीने बदलते आणि संकेतस्थळ दर वेळी नव्या हातात जातं. अशा ठिकाणी अधिकारांची बारीक वाटणी उपयोगाची नाही. सोपं हस्तांतर जास्त मोलाचं. गणेशोत्सवाचं पान दर वर्षी कुणीतरी नवखा भरणार, हे धरूनच रकाने आखा.

तपासा: डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा मुख्य पत्ता, कुणाच्या नावावर आहे? होस्टिंगचं, म्हणजे संकेतस्थळ ठेवायच्या भाड्याच्या जागेचं, बिल कुणाच्या मेलवर येतं? खात्यात शिरतानाचा ओटीपी कुणाच्या मोबाईलवर जातो? तिन्हींचं उत्तर 'संस्थेच्या' असं हवं. संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या किंवा कोषाध्यक्षांच्या भाच्याच्या नावावर असेल, तर पुढची पायरी चढू नका. आधी ते बदलून घ्या.

## पायरी ३: भाषा आणि देवनागरीच्या खाचाखोचा

आधी ठरवा की इंग्रजी किती. परदेशातल्या पुढच्या पिढीसाठी किंवा सरकारी कामासाठी चार पानं इंग्रजीत हवी असतील तर ती नुसती वेगळी पानं म्हणून करा; कोणतंही बहुभाषिक यंत्र लागत नाही. प्रत्येक नोंदीची मराठी-इंग्रजी जोडी हवी असेल तरच बहुभाषिक रचना. ती ड्रुपलच्या गाभ्यात, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरमध्येच, आठव्या आवृत्तीपासून नीट आहे, जूमलाच्याही गाभ्यात आहे. वर्डप्रेसला त्यासाठी पॉलिलँग किंवा डब्ल्यूपीएमएलसारखं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा भाग, लागतं. आणि इंग्रजी भाषांतर कोण करणार त्याचं नाव लिहा. नाव नसेल तर जोडी विसरा. अर्धी रिकामी इंग्रजी बाजू काहीच नसण्यापेक्षा वाईट दिसते.

आता देवनागरीचं. सॉफ्टवेअरच्या तुलनेचे तक्ते बहुतेक इंग्रजी वापर धरून केलेले असतात, त्यामुळे पुढच्या गोष्टी त्यांत सहसा सापडत नाहीत.

नोंदीचा पत्ता, म्हणजे तिची लिंक. ब्लॉगरमध्ये पूर्ण मराठी शीर्षक दिलं की त्याला पत्ता बनवता येत नाही. मग तो 'ब्लॉग-पोस्ट' असा पत्ता बनवतो आणि पुढच्या नोंदींना शेवटी आकडे जोडत जातो. शंभर नोंदींनंतर कोणता पत्ता कशाचा हे कुणालाच कळत नाही. वर्डप्रेस मराठी पत्ता ठेवतं, पण टक्क्याची चिन्हं घालून. त्यात देवनागरीचं एक चिन्ह नऊ अक्षरं खातं आणि पत्त्याला मर्यादा २०० अक्षरांची आहे. म्हणजे साधारण २२ चिन्हांनंतर पत्ता कापला जातो. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'ज्ञानेश्वर' या एका शब्दातच दहा होतात. एकाच सुरुवातीची दोन लांब शीर्षकं मग '-२' लावून वेगळी केली जातात, आणि व्हॉट्सॲपवर चिकटवलेली लिंक चार ओळी व्यापते. दोन्हीकडे उपाय एकच: प्रसिद्ध करण्याआधी रोमन लिपीतला तीन-चार शब्दांचा छोटा पत्ता हाताने लिहायचा. लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही सवय लावा.

शोध. वर्डप्रेसचा मूळ शोध अक्षरं जशीच्या तशी जुळवतो. 'पुस्तक' शोधलं तर 'पुस्तकाचे' सापडतं, पण 'शाळा' शोधलं तर 'शाळेत' सापडत नाही. ड्रुपलच्या गाभ्यातला शोध पूर्ण शब्द जुळवतो, त्यामुळे तिथे 'पुस्तक' शोधल्यावर 'पुस्तकाचे' असलेली नोंदही निसटते. मराठीला विभक्ती आहे, हे या यंत्रांना माहीत नाही. म्हणून वाचकाला शोधाच्या चौकटीवर सोडू नका. ज्या गोष्टी लोक शोधतील त्यांना रकाने आणि याद्या द्या.

ऱ्य. 'पायऱ्या' हा शब्द संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि डोळ्याला न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधात जुळतीलच असं नाही. मोबाईलच्या कीबोर्डवर आणि संगणकावर तो शब्द टाइप करून, एकाने दुसरा सापडतो का ते पाहा.

जुने फाँट. जुनी पत्रकं, स्मरणिका, दिवाळी अंक श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये असतील तर तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, बदलावाच लागेल. हे काम नेहमी कमी लेखलं जातं. बदलणारी साधनं आहेत, पण रफार, ऱ्ह, जोडाक्षरं आणि अंक यांत चुका राहतात. प्रत्येक पान डोळ्याखालून घालावं लागतं. जुना मजकूर पीडीएफ म्हणून टांगून ठेवायचा की वाचण्याजोगा करायचा, हे आत्ताच ठरवा. यावर सॉफ्टवेअर अवलंबून नाही, पण वेळापत्रक पूर्णपणे अवलंबून आहे.

## पायरी ४: खर्च, फक्त पहिल्या वर्षाचा नव्हे

होस्टिंगच्या जाहिरातीतला दर पहिल्या मुदतीचा असतो. नूतनीकरणाचा दर विचारा आणि तोच अंदाजपत्रकात लिहा. डोमेनचंही तसंच.

ब्लॉगर फुकट आहे आणि स्वतःचं डोमेन जोडता येतं. वर्डप्रेस स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळं) चालतं. घोस्टला नोड (सर्व्हरवर प्रोग्राम चालवणारं साधन) आणि मायएसक्यूएल ८ (डेटाबेस) लागतं, त्यामुळे नेहमीच्या सामायिक होस्टिंगवर ते बसत नाही. स्वतःचा सर्व्हर किंवा त्यांची सशुल्क सेवा हे दोन मार्ग. वर्गणीदारांना मेलने अंक पाठवणं हेच मुख्य काम असेल तर हा खर्च पटतो, कारण ती सोय घोस्टच्या गाभ्यातच आहे.

ड्रुपल स्वतः फुकट आहे, पण ते अद्ययावत ठेवायला कमांड लाइन (टाइप करून हुकूम द्यायची पद्धत) आणि कंपोझर (सॉफ्टवेअरचे सुटे भाग बसवणारं साधन) येणारा माणूस लागतो. त्याचे तास हा खरा खर्च. मोठ्या आवृत्त्यांचं गणितही मांडा. ड्रुपल ७ ला मिळणारा आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला, आणि ७ वरून पुढे जाणं म्हणजे अपडेट नव्हतं, जवळजवळ नवं संकेतस्थळ बांधून त्यात जुना मजकूर हलवणं होतं. आठव्या आवृत्तीपासून पुढची वाट बरीच सोपी झाली आहे. तरी 'एकदा केलं की झालं' असं कुणी सांगत असेल तर त्याला हे विचारा.

वर्डप्रेसमध्ये खर्च प्लगइनांच्या वाटेने येतो. सात-आठ सशुल्क प्लगइनांचं वार्षिक नूतनीकरण, आणि त्यातलं एखादं बनवणाऱ्याने सोडून दिलं की शोधाशोध.

## पायरी ५: आता निवड

एकटा लिहिणारा, एकच प्रकार, मराठीच: ब्लॉगर किंवा साधं वर्डप्रेस. ब्लॉगर जुनाट वाटतं म्हणून टाळू नका. बारा वर्षांच्या नोंदी कुणी न सांभाळता उभ्या राहतात, हा गुण लहान नाही. मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःचं डोमेन जोडा. का, ते आठव्या पायरीत.

आपलं वाचनालय: व्याख्यान, वक्ता, पुस्तक, सूचना असे चार प्रकार, लिहिणारे दोघे, मंजुरी तोंडी. इथे वर्डप्रेस, पॉड्स किंवा एसीएफसारख्या प्लगइनने केलेले स्वतंत्र प्रकार आणि रकाने. माझ्या मते महाराष्ट्रातल्या बहुतेक छोट्या संस्थांसाठी इथेच थांबावं.

ड्रुपल कधी? अनेक प्रकार एकमेकांत गुंतलेले, नोंदींच्या दोन भाषांतल्या जोड्या, वेगवेगळ्या विभागांना वेगवेगळे अधिकार, आणि पगारी किंवा कराराने बांधलेला माणूस. या चारातल्या शेवटच्या अटीला सूट नाही. पहिल्या तीन असून माणूस नसेल, तर अपेक्षा कमी करा, सॉफ्टवेअर वाढवू नका.

सावधान: 'पुढे लागलं तर' हे कारण निवडीत धरू नका. पुढे लागलं तर हलवता येतं. त्यासाठी मजकूर स्वच्छ असणं पुरेसं आहे. मजकूर अस्वच्छ होतो तो पेज बिल्डरमुळे, म्हणजे तुकडे ओढून पान मांडायच्या प्लगइनमुळे. तो काढला की नोंदीत त्याच्या खुणांचा पसारा उरतो. लेखांसाठी वर्डप्रेसचा मूळ संपादकच वापरा.

सावधान: स्वतंत्र प्रकार थीमच्या फाइलमध्ये लिहून देणारे बरेच आहेत. थीम बदलली की ते प्रकार डॅशबोर्डवरून नाहीसे होतात. नोंदी डेटाबेसमध्ये असतात, पण दिसत नाहीत, आणि घबराट उडते. प्रकार प्लगइनमध्येच हवेत. काम देताना हे लेखी घ्या.

## पायरी ६: खऱ्या मजकुरावर चाचणी

उपडोमेनवर, म्हणजे डोमेनच्या आधी एक शब्द जोडून केलेल्या पत्त्यावर, चाचणीची प्रत उभी करा. वर्डप्रेसच्या वाचन सेटिंगमध्ये शोधयंत्रांना मनाई करणारी चौकट आहे, तिच्यावर टिक करा. थीम जी मुळात येते तीच ठेवा. या टप्प्यावर सुंदर दिसणारं संकेतस्थळ परीक्षकांचं लक्ष भलतीकडे नेतं.

पहिल्या यादीतल्या दहा नोंदी भरा. नकली मजकूर नको. नकली मजकुरात लांब मराठी शीर्षक नसतं, उभा फोटो नसतो, वक्त्याचं नाव अजून ठरायचं आहे अशी नोंद नसते. मग संकेतस्थळ न बनवलेल्या व्यक्तीला पुढची कामं मोबाईलवर करायला सांगा आणि मध्ये बोलू नका.

१. एका व्याख्यानाची तारीख बदला. ती किती ठिकाणी बदलावी लागली? उत्तर एक हवं.
२. वक्त्याच्या नावातली चूक दुरुस्त करा. त्याच्या सगळ्या व्याख्यानांत आपोआप सुधारली का?
३. व्याख्यान 'पुढे ढकललं' असं करा. पहिल्या पानावर ते दिसतं का?
४. उद्याच्या सुट्टीची सूचना लिहा, फोटोसकट.
५. गेल्या महिन्यातला कार्यक्रम 'येणारे कार्यक्रम' मधून आपोआप खाली उतरला का?

चौथ्या कामाला दहा मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर त्या संकेतस्थळावर सूचना टाकल्या जाणार नाहीत, व्हॉट्सॲपवरच जातील. रकाने कमी करा आणि पुन्हा चाचणी घ्या. सक्तीचे रकाने विशेष तपासा. प्रकाशकाचं नाव सक्तीचं केल्यामुळे पुस्तकाची ओळखच न टाकणारे लोक असतात.

तपासा: आत्ताच सगळा मजकूर बाहेर काढून पाहा. वर्डप्रेसच्या निर्यात फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. म्हणून बॅकअप म्हणजे डेटाबेस आणि फाइली, दोन्ही. तो दुसऱ्या जागी परत उभा करून पाहिल्याखेरीज बॅकअप आहे असं मानू नका.

## पायरी ७: पत्त्यांची रचना गोठवा

खुलं करण्याआधी पत्ते कसे असतील ते ठरवा, मग हात लावू नका. पत्त्यात वर्ग (कॅटेगरी) घालू नका. वर्ग बदलतात आणि लिंका तुटतात. ब्लॉगच्या नोंदींना वर्ष चालतं, पण नियमांच्या पानाला वर्ष दिलं की ते दर जानेवारीत शिळं दिसतं.

वर्ग थोडे ठेवा, पाच-सहा. 'स्पर्धा' हा वर्ग, की प्रकार, की टॅग, असा वाद होणारच. त्याला स्वतःचे रकाने असतील (वयोगट, अंतिम तारीख, निकाल) तर प्रकार. नसतील तर वर्ग. टॅग लिहिणाऱ्यांच्या हातात मोकळे सोडू नका.

## पायरी ८: जुना ब्लॉग हलवायचा असेल तर

नवीन सुरू करणाऱ्यांनी ही पायरी सोडून द्यावी. हलवणाऱ्यांनी क्रम मोडू नये.

१. जुन्याचा बॅकअप आणि सगळ्या पत्त्यांची यादी. तक्त्यात दोन रकाने: जुना पत्ता, नवा पत्ता. ही यादी नंतर करू म्हणणाऱ्यांना ती हाताने आठवून करावी लागते.

२. डोमेन. ब्लॉग ब्लॉगरच्या फुकटच्या ब्लॉगस्पॉट पत्त्यावर असेल तर आधी ब्लॉगरलाच स्वतःचं डोमेन जोडा आणि काही महिने तसंच चालवा. तेव्हा जुना ब्लॉगस्पॉट पत्ता आपोआप डोमेनकडे वळतो आणि शोधयंत्रं नवा पत्ता धरतात. मग डोमेन नव्या सॉफ्टवेअरकडे न्या. हे न करता थेट हललात तर ब्लॉगस्पॉटवरून नव्या घराकडे कायमचं वळण लावायची सोय तुमच्या हातात नसते. ब्लॉगरची स्वतःची वळणं फक्त त्याच ब्लॉगच्या आत चालतात.

३. मजकूर आणा, मग फोटो तपासा. आयात झालेल्या नोंदीत फोटो दिसतात, पण बऱ्याचदा ते अजून गूगलच्या सर्व्हरवरूनच येत असतात. जुना ब्लॉग पुसला की तेही जातात. एखाद्या फोटोवर उजवं बटण दाबून त्याचा पत्ता पाहा.

४. प्रकारांत वाटणी. जुन्या सगळ्या नोंदी रकान्यांत बसवायचा हट्ट नको. गेल्या दोन वर्षांची व्याख्यानं नव्या प्रकारात आणा, बाकीची जुन्या लेखांसारखीच राहू द्या. दहा वर्षांपूर्वीच्या व्याख्यानाची जागा गाळून पाहायला कुणी येत नाही.

५. वळणं. यादीतल्या प्रत्येक जुन्या पत्त्याला ३०१ प्रकारचं कायमचं वळण. सगळे पत्ते पहिल्या पानाकडे वळवणं हा आळस आहे. वाचकाला हवी ती नोंद मिळत नाही आणि शोधयंत्रंही त्याला हरवलेलं पानच समजतात. ब्लॉगर मोबाईलवर पत्त्याच्या शेवटी 'एम=१' जोडतो; तशा पत्त्यांनाही वळण लागतं का ते मोबाईलवरून पाहा, कारण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या बहुतेक लिंका तशाच असतात.

६. खुलं करा आणि मनाईची टिक काढा. सहाव्या पायरीत लावलेली ती चौकट. ती तशीच राहिली तर संकेतस्थळ व्यवस्थित चालतं, फक्त गूगलवर सापडत नाही, आणि कारण कळायला महिने जातात.

तपासा: पहिल्या महिन्यात दर आठवड्याला 'पान सापडलं नाही' या चुकांची यादी काढा. त्यात जुने पत्ते दिसले तर वळणं वाढवा. यादी सलग दोन आठवडे कोरी आली आणि फोटो नव्या जागेवरून येत आहेत याची खात्री झाली, की मग जुनं होस्टिंग बंद करा. जुना ब्लॉगस्पॉट ब्लॉग मात्र पुसू नका. त्याची डोमेनची जोडणी आहे तशी राहू द्या.